सयामच्या राजवाड्यातील शिक्षिका

भिवंडीहून ठाण्याकडे निघाले, की वाटेत काल्हेर हे गाव लागते. काल्हेर मागे टाकून कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडली, की ठाणे शहर सुरू होते. या शहरात सेंट जेम्स नावाचे एक जुने चर्च आहे. १५ मार्च १८२९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील टॉमस एडवर्ड्स या सार्जंटाचा मेरी ॲन ग्लॅस्कॉट हिच्याशी तेथे विवाह झाला. घटना तशी लहानशीच. परंतु या जोडप्याच्या धाकट्या मुलीने पुढे समुद्रापलीकडील एका राजाच्या मुलांना इंग्रजी शिकविले आणि तिची कथा जगभर गाजली. तिचे नाव ॲना लिओनोवेन्स.

ॲनाचा जन्म १८३१ च्या नोव्हेंबर महिन्यात अहमदनगर येथे झाला. याच शहराला आज अहिल्यानगर म्हणतात. सुरुंग लावणे, रस्ते आणि पूल बांधणे अशी कामे करणाऱ्या पलटणीत तिचे वडील नोकरीस होते. मुलीचे मुख पाहण्याचे सुख मात्र त्यांना लाभले नाही. तिच्या जन्मापूर्वी तीन महिने त्यांचा अंत झाला होता. पदरी दोन लहान मुली आणि डोक्यावर आधाराचे छत्र नाही, अशा स्थितीत आईने पॅट्रिक डोनोहो नावाच्या एका आयरिश शिपायाशी दुसरा विवाह केला.

ॲनाचे आजोबा इंग्रज लष्करी अधिकारी होते. पण आजीचे नाव कोणत्याही कागदावर आढळत नाही. ती भारतीय किंवा अर्धी भारतीय असावी, असे संशोधक मानतात. अशा मिश्र कुळातील माणसांना त्या काळी इंग्रजांच्या समाजात खालचे स्थान असे. मुलगी कितीही हुशार असो, तिच्या आजीचा वर्ण कोणता, हे आधी विचारले जाई. ॲनाचे शिक्षण मुंबईत भायखळ्याला बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या मुलींच्या शाळेत झाले. ज्यांचे सैनिक वडील वारले होते किंवा जवळ नव्हते, अशी मुले तेथे घेत असत. इंग्रजी ती शाळेत शिकली. परंतु छावणीतील बाजारात, पाणवठ्यावर आणि नोकरचाकरांच्या बोलण्यात मराठी व हिंदुस्थानी यांचा वावर होता. एकाच अंगणात अनेक भाषा, अनेक धर्म आणि अनेक रीतिरिवाज नांदतात, हे तिने लहानपणीच पाहिले.

पुढे हे कुटुंब पुण्यास राहू लागले. तेथे टॉमस लिऑन ओवेन्स या आयरिश तरुण कारकुनाशी तिची ओळख झाली आणि १८४९ च्या नाताळच्या दिवशी दोघांचा विवाह झाला. पुढे पतीच्या नावातील लिऑन आणि ओवेन्स हे दोन शब्द जोडून त्यांनी लिओनोवेन्स हे आडनाव धारण केले. संसाराची सुरुवात दुःखाने झाली. पहिली मुलगी दीड वर्षाचीही झाली नव्हती, तोच ती दगावली. १८५२ मध्ये पतिपत्नी नशीब काढण्यासाठी ऑस्ट्रेलियाकडे निघाली. जहाजावर मुलगा झाला. पण तोही वाचला नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ या गावी ॲनाने मुलींसाठी एक लहानशी शाळा काढली. तेथील वास्तव्यात तिला एव्हिस ही मुलगी आणि लुई हा मुलगा झाला. परंतु धंद्यात जम बसेना, म्हणून हे कुटुंब पुन्हा पूर्वेकडे वळले आणि मलायाजवळील पिनांग बेटावर जाऊन राहिले. तेथे १८५९ च्या मे महिन्यात टॉमसचा आकस्मिक मृत्यू झाला. त्या वेळी ॲना अवघी सत्तावीस वर्षांची होती. जवळ दोन अजाण लेकरे होती, आणि पैसा नव्हता.

दोन्ही मुलांना घेऊन ती सिंगापूरला आली. तेथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी तिने शाळा सुरू केली. येथून पुढे आपण तिला ॲनाबाई म्हणू. कारण शिकविणे हाच आता तिच्या जीविताचा आधार झाला.

परंतु येथे एक अडचण होती. अहमदनगरच्या छावणीत जन्मलेल्या, मिश्र कुळातील सार्जंटाच्या मुलीकडे इंग्रज साहेब आपली मुले शिकावयास पाठवितील काय? त्या काळच्या समजुती पाहता त्यांनी ती पाठविली नसती. तेव्हा ॲनाबाईंनी स्वतःची एक नवी हकीकत रचली. तीनुसार त्यांचा जन्म वेल्स या प्रांतात झाला होता, आणि भारतात त्या केवळ काही काळ राहून आल्या होत्या. पुढे या हकीकतीत सार्जंट वडिलांचे कॅप्टन झाले आणि कारकून पतीचे मेजर झाले! वयाची तीन वर्षेही कमी झाली. खोटे ते खोटेच. त्याला खरे म्हणता येत नाही. तथापि ज्या समाजात माणसाची परीक्षा त्याच्या कामावरून न होता कुळावरून होते, तो समाजच माणसाला खोटे बोलावयास भाग पाडतो, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. या असत्याची किंमत ॲनाबाईंना जन्मभर मोजावी लागली. सख्ख्या बहिणीशीही त्यांनी संबंध तोडून टाकला.

याच सुमारास सयाम देशाच्या राजाला इंग्रजी शिकविणाऱ्या एका शिक्षिकेची गरज होती. आज आपण ज्या देशाला थायलंड म्हणतो, तोच हा सयाम. तेथील राजा मोंगकुट हा मोठा विद्वान होता. गादीवर येण्यापूर्वी सत्तावीस वर्षे तो बौद्ध भिक्षू होता. पाली ग्रंथांचे त्याने सखोल अध्ययन केले होते. लॅटिन व इंग्रजी या भाषा तो शिकला होता आणि ग्रहताऱ्यांचे गणित तर त्याच्या विशेष आवडीचे होते. परदेशांच्या प्रमुखांना तो स्वतः इंग्रजीत पत्रे लिही. अमेरिकेला उपयोगी पडतील म्हणून हत्ती पाठविण्याची तयारीही त्याने अशाच एका पत्रातून दर्शविली होती! अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ती देणगी सौजन्याने नाकारली.

या राजाला आपल्या मुलांना इंग्रजी का शिकवावेसे वाटले? त्याचे कारण नकाशात पाहिले म्हणजे कळते. सयामच्या पश्चिमेला ब्रह्मदेश आहे. तेथे इंग्रज आपली सत्ता वाढवीत होते. पूर्वेकडे फ्रेंचांनी पाय रोवावयास सुरुवात केली होती. या दोन बलाढ्य सत्तांच्या मध्ये आपले राज्य टिकवावयाचे, तर त्यांची भाषा, त्यांचे कायदे आणि त्यांचे शास्त्र आपल्या मुलांना आले पाहिजे, हे मोंगकुटने ओळखले होते. पूर्वी काही दिवस मिशनऱ्यांच्या स्त्रिया राजवाड्यात शिकवीत असत. परंतु त्या भाषेबरोबर आपल्या धर्माचाही उपदेश करीत. राजाला इंग्रजी हवी होती, धर्मांतर नको होते. सिंगापूर येथील सयामचा वकील टॅन किम चिंग याच्यामार्फत त्याने ॲनाबाईंना बोलावणे पाठविले.

ॲनाबाईंनी मुलीला शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले आणि पाच वर्षांच्या लुईला बरोबर घेऊन १८६२ च्या मार्च महिन्यात त्या सयामची राजधानी बँकॉक येथे पोहोचल्या. बँकॉक तेव्हा कालव्यांचे शहर होते. रस्ते थोडे आणि जलमार्ग फार. घरे, दुकाने, बाजार हे सारे पाण्याच्या काठी किंवा पाण्यावरच तरंगत असे. त्या शहरात राजवाडा होता, आणि राजवाड्याच्या आत भिंतींनी वेढलेले अंतःपुर होते. ते अंतःपुर म्हणजे स्त्रियांचे स्वतंत्र नगरच होते. राण्या, राजकन्या, दासी, कारागीर, इतकेच काय, पण पहारेकरीही स्त्रियाच होत्या. राजा आणि लहान मुले यांच्याखेरीज पुरुषाला तेथे वास्तव्य नव्हते. याच नगरात ॲनाबाईंना शाळा भरवावयाची होती.

परक्या देशात शिकविणाऱ्याला आधी स्वतःच विद्यार्थी व्हावे लागते. सयाममध्ये राजासमोर सर्वांनी गुडघे आणि कोपरे जमिनीला टेकून राहावे, असा दंडक होता. आपल्याकडे वडीलधारी माणसे मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. सयामी लोक मात्र मस्तक हे शरीराचे सर्वांत पवित्र स्थान मानीत. म्हणून दुसऱ्याच्या मस्तकाला हात लावणे हा त्यांच्याकडे मोठाच अविनय होय. एके ठिकाणचा सद्भाव दुसऱ्या ठिकाणी अपमान ठरतो, तो असा!

भाषेचेही तसेच होते. सयामी भाषेत एकच शब्द उंच, खालच्या किंवा हेलकाव्याच्या सुरात उच्चारला, की त्याचा अर्थ बदलतो. उलट, त्या भाषेत नामाचे अनेकवचन निराळे होत नाही आणि काळाप्रमाणे क्रियापदाचे रूपही पालटत नाही. मराठी मुलाला गेला, जातो, जाईल हा भेद नवा नसतो. सयामी मुलांना मात्र इंग्रजीतील ही रूपे पाहून नवल वाटले असेल, तर त्यात आश्चर्य नाही. ॲनाबाई स्वतः सयामी शिकू लागल्या. मुलांच्या भाषेत मुलांना बोलाविता आले, तरच ती आपल्या भाषेकडे येतात, हे छावणीत वाढलेल्या बाईंना सांगावे लागले नाही.

राजाची मुले आणि त्याच्या काही राण्या या शाळेत येत. अक्षरओळख, वाचन, लेखन आणि भूगोल असा पाठ चाले. विद्यार्थ्यांमध्ये चुलालोंगकोर्न हा राजपुत्र होता. तो त्या वेळी आठ वर्षांचा होता आणि पुढे गादीवर बसावयाचा होता. शाळा सुटल्यावर बाईंना राजाच्या इंग्रजी पत्रव्यवहारातही साहाय्य करावे लागे. राहण्याच्या घरावरून, पगारावरून आणि कामाच्या वेळेवरून राजाशी आपले अनेकदा खटके उडाले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. दोघेही मानी होते. तथापि शाळा बंद पडली नाही. ती पाच वर्षांहून अधिक काळ चालली.

त्या काळी सयाममध्ये गुलामगिरीची चाल होती. कर्ज फेडता आले नाही, की माणसे स्वतःला किंवा आपल्या मुलांना विकीत. ॲनाबाईंना हे पाहवत नसे. त्याच वर्षांत अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले होते. हॅरिएट बीचर स्टो यांची अंकल टॉम्स केबिन ही गुलामांच्या यातनांची कादंबरी तेव्हा घरोघर वाचली जात होती. सोन क्लिन नावाच्या एका राणीने ही कादंबरी बाईंच्या सहवासात वाचली आणि तिचा तिच्या मनावर असा परिणाम झाला, की तिने आपल्या दासदासींना मुक्त केले, अशी हकीकत ॲनाबाईंनी सांगितली आहे. भाषा शिकविताना शब्दांबरोबर विचारही पोहोचतात, याचे हे उदाहरण होय.

१८६७ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे ॲनाबाई रजा घेऊन सयामहून निघाल्या. परत येण्याचा त्यांचा विचार होता. पण तसा योग आला नाही. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होणार, हे मोंगकुट राजाने स्वतः गणित करून वर्तविले होते. ते पाहण्यासाठी तो दरबारासह दक्षिणेकडील दलदलीच्या प्रदेशात गेला. ग्रहण वेळेवर लागले. राजाचे गणित खरे ठरले; परंतु तेथे त्याला हिवतापाने गाठले आणि १ ऑक्टोबर रोजी त्याचा अंत झाला. अवघ्या पंधरा वर्षांचा चुलालोंगकोर्न राजा झाला.

ॲनाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी शाळा काढली, व्याख्याने दिली आणि सयाममधील अनुभवांवर पुस्तके लिहिली. त्यांपैकी द इंग्लिश गव्हर्नेस ॲट द सायमीज कोर्ट हे पहिले पुस्तक १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. ती पुस्तके फार लोकप्रिय झाली. परंतु त्यांतील सर्वच गोष्टी खऱ्या नाहीत, असे पुढील अभ्यासकांना आढळून आले. एकच उदाहरण पाहू. राजवाड्याखाली जमिनीच्या पोटात अंधारकोठड्या होत्या, असे त्यांनी लिहिले आहे. पण बँकॉक हे नदीकाठच्या सखल, ओलसर भूमीवर वसलेले शहर आहे. तेथे थोडे खणले तरी पाणी लागते. मग जमिनीखाली कोठड्या बांधणार कशा? अशा अतिशयोक्तीमुळे मोंगकुट हा जगाला क्रूर आणि लहरी राजा वाटू लागला. विसाव्या शतकात या पुस्तकांवरून कादंबरी, संगीतनाटक आणि चित्रपट निघाले. त्यांत या विद्वान राजाचे जे चित्र रंगविले होते, त्यामुळे थायलंडचे लोक दुखावले आणि १९५६ च्या चित्रपटावर त्या देशाने बंदी घातली. ज्यांनी आपल्याला घरात घेतले, त्यांच्याविषयी लिहिताना लेखणीला सत्याचा लगाम हवा. तो बाईंच्या लेखणीला पुरेसा राहिला नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

त्यांचा विद्यार्थी मात्र मोठा राजा झाला. १८७२ मध्ये तरुण चुलालोंगकोर्न भारताच्या प्रवासास आला. कलकत्ता, दिल्ली, आग्रा ही शहरे पाहून तो मुंबईतही आला होता. ज्या शहरात आपल्या शिक्षिकेने अक्षरे गिरविली, तेच हे शहर, याची त्याला कल्पना असण्याचा संभव फार थोडा. कारण बाईंनी ते कोणालाच कळू दिले नव्हते. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, त्याने राजासमोर जमिनीवर लोटांगण घालण्याची चाल बंद केली. १८७४ पासून त्याने गुलामगिरी टप्प्याटप्प्याने कमी करीत नेली आणि १९०५ मध्ये कायद्याने ती संपविली. या कार्यात रक्तपात झाला नाही. याचे सारे श्रेय ॲनाबाईंना देणे योग्य होणार नाही. त्यात राजाची स्वतःची बुद्धी होती, विद्वान पित्याचे संस्कार होते आणि दरबारातील विचारी माणसांचे साहाय्य होते. परंतु बालपणी ज्यांच्यापाशी तो इंग्रजी वाचावयास शिकला, त्या शिक्षिकेचा वाटाही त्यात थोडाबहुत होताच.

१८९७ मध्ये चुलालोंगकोर्न राजा लंडनला गेला असता ॲनाबाई त्याला भेटल्या. तीस वर्षांनंतर गुरू आणि शिष्य समोरासमोर आले. राजाने त्यांचे मनापासून आभार मानले. त्याच भेटीत, पुस्तकांतील चुकीच्या वर्णनांबद्दल त्याने खेदही व्यक्त केला. कृतज्ञता आणि सत्य या दोहोंचाही मान त्याने राखला.

ॲनाबाईंचे उत्तरायुष्य कॅनडात गेले. मुलगी एव्हिस हिचा विवाह झाल्यावर त्या तिच्यासह हॅलिफॅक्स या शहरी राहिल्या. तेथे १८८७ मध्ये त्यांनी इतरांच्या साहाय्याने एक कलाशाळा स्थापन केली. ती आजही विद्यापीठाच्या रूपाने चालू आहे. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा, म्हणूनही त्यांनी प्रयत्न केले. १८८४ मध्ये त्यांनी भारतातील आठवणींचे एक पुस्तक लिहिले. आगगाडी सुरू होण्यापूर्वीच्या मुंबईचे आणि पुण्याचे वर्णन त्यात आहे. परंतु तेही वेल्सहून आलेल्या एका पाहुणीच्या नात्याने! ज्या मातीत आपण जन्मलो, त्या मातीला माझी म्हणण्याची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. १९ जानेवारी १९१५ रोजी माँट्रियल येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे जन्मस्थान तेव्हाही जगाला ठाऊक नव्हते.

ते उघडकीस आले १९७० नंतरच्या काही वर्षांत. ब्रिस्टो नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. कोळ्यांचा अभ्यास हा त्यांचा मुख्य विषय. ॲनाबाईंचा मुलगा लुई मोठेपणी सयाममध्ये परतून तेथे नामांकित व्यापारी झाला होता. त्याचे चरित्र लिहिण्यासाठी ब्रिस्टो जुनी कागदपत्रे चाळू लागले. वेल्समध्ये बाईंच्या जन्माची नोंद मिळेना. शोध घेता घेता धागा भारतापर्यंत आला, आणि कंपनी सरकारच्या काळातील नोंदींत अहमदनगरच्या सार्जंटाची मुलगी सापडली. जे रहस्य ॲनाबाईंनी जन्मभर सांभाळले, ते चर्चच्या साध्या नोंदींनी उघड केले.

आज हे सत्य कळल्यामुळे ॲनाबाईंची योग्यता कमी होत नाही. उलट, ती अधिक स्पष्ट होते. वेल्समध्ये वाढलेल्या एखाद्या कॅप्टनच्या मुलीला सयामचे अंतःपुर फारच परके वाटले असते. अनेक भाषांच्या, अनेक धर्मांच्या छावणीत वाढलेल्या मुलीला परक्यांत राहण्याचे आणि परक्यांना समजून घेण्याचे शिक्षण आधीच मिळाले होते. ज्या जन्माची त्यांना लाज बाळगावी लागली, तोच जन्म त्यांच्या कामी आला. तो अभिमानाने सांगता येईल, असे जग त्यांच्या वाट्याला आले नाही. तसे जग घडविणे हे मागून येणाऱ्यांचे काम आहे.